कानामागची मुंगी

रंजनाबाईंनी एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा साखर समजून चहात मीठ घातलं, तेव्हा मयेकरांच्या घरात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशन कुडाळला, एक रात्र मुक्काम, सोबतीला मुलगा दिगंबर. एवढ्या तेवढ्या गोष्टीने घर ढवळून निघण्याचं काही कारण नव्हतं. पण मग सहा वर्षांच्या जुईजवळ घरी कोण राहणार, असा प्रश्न आला आणि जेवता जेवता सगळ्यांचे हात थांबले.

"कोण म्हणजे? मी," गार्गी म्हणाली.

गार्गी म्हणजे जुईची आई. आईने लेकीजवळ राहायचं, यात विचारण्यासारखं खरं तर काहीच नाही. पण जुई जन्मल्यापासून गार्गी तिच्याजवळ एकटी अशी कधी राहिलीच नव्हती. दिगंबर नाहीतर रंजनाबाई, कोणीतरी घरात असायचंच. तसं कोणी ठरवलं नव्हतं, ते आपोआप होत आलं होतं. आणि आपोआप झालेल्या गोष्टी मोडणं सगळ्यात अवघड.

त्या दिवशी नेमकी दिगंबरची थोरली बहीण वर्षाताईही जेवायला होती. ती सावंतवाडीला शाळेत शिकवायची. तिने भाताचा घास खाली ठेवला. "मी संध्याकाळी शाळा सुटली की येते," ती म्हणाली. "दिवसभर तू सांभाळ. पण गार्गी, स्पष्टच बोलते. हा दिवस नीट गेला, तर मी पुन्हा काही म्हणणार नाही. नाही गेला, तर जूनपासून जुई माझ्याकडे राहील. तिकडे शाळाही चांगली आहे."

दिगंबर काहीतरी बोलायला गेला, पण गार्गीच आधी म्हणाली, "चालेल."

वर्षाताईला दुष्ट ठरवून मोकळं होता येईल, पण ते खोटं होईल. तिने जे पाहिलं होतं, ते दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं.

गार्गीला आवाज ऐकू यायचे. कराडला कॉलेजात असताना पहिल्यांदा आले. डॉक्टरांनी त्याला स्किझोफ्रेनिया म्हटलं. पुढे औषधाने बाकीचे आवाज गेले, एक तेवढा राहिला. करडा, घसा खाकरून बोलणारा, सतत चुका काढणारा. गार्गीने त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं. नाव ठेवलं की निम्मी भीती जाते. लग्नाआधी तिने दिगंबरला हे सगळं सांगितलं. तो खाडीवर बोटींच्या मोटारी आणि बॅटऱ्या दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "आवाज येणाऱ्या मशीनला मी घाबरत नाही. आवाज बंद पडला की घाबरतो." हा विनोद त्याने होणाऱ्या सासऱ्यांसमोरही केला, आणि तरीसुद्धा लग्न झालं.

मग जुई झाली. बाळंतपणात औषध कमी केलेलं, त्यात रात्र रात्र जागरण. जुई चार महिन्यांची असताना एका भर दुपारी हेडमास्तर म्हणाले, की घर आता पडणार, पोरीला घेऊन निघ. गार्गी निघाली. खाडीच्या धक्क्यावर अगदी शेवटच्या पायरीवर जुईला पोटाशी धरून बसली, पाणी पायाला लागत होतं. शोधत आलेल्या वर्षाताईने तिला तिथून उठवून आणलं. दोघींना खरचटलंही नाही. पण वर्षाताईच्या डोळ्यांसमोरून ती पायरी काही गेली नाही, आणि ती का जावी?

त्यानंतर वर्षभरात मुंगी आली.

मुंगी हे तिचं खरं नाव नव्हे. खोक्यावर भलंमोठं संस्कृत नाव होतं, ते कोणाच्या जिभेवर बसलं नाही. डाळीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं बटण, कानामागच्या हाडावर चिकटवायचं. कुडाळच्या डॉक्टर ग्रेटा डिसोझांनी ते पहिल्यांदा लावलं, तेव्हा गार्गीला विचारलं, "तुम्हाला स्वतःला गुदगुल्या करता येतात का?"

"नाही."

"का नाही? कारण हात हलवायच्या आधीच मेंदू स्वतःला कळवून ठेवतो, की हे आपलंच आहे, दचकू नकोस. बोलण्याचंही तसंच. आपण मनातल्या मनात बोलतो, तेव्हासुद्धा मेंदू त्या शब्दांवर 'आपलंच' असा शिक्का मारतो. तुमच्याकडचा शिक्के मारणारा कारकून अधूनमधून डुलकी काढतो. मग तुमचेच शब्द बिनशिक्क्याचे फिरतात आणि परक्याचे वाटतात. तुमचे हेडमास्तर म्हणजे बिनशिक्क्याच्या तुम्हीच."

"मी इतकी खडूस आहे?" गार्गीने विचारलं. डॉक्टर मनापासून हसल्या.

बटणाचं काम सोपं होतं. मनातल्या बोलण्यानेही गळ्याचे स्नायू किंचित हलतात, ते बटण टिपायचं. त्याला एक सुईच्या टोकाएवढं भोक होतं, त्यातून बाहेरचे आवाज ऐकायचं. बाहेर खरोखर कोणी माणूस बोललं, की कानामागे हलकेच टोचायचं. टोचलं तर माणूस खरा. नाही टोचलं तर हेडमास्तर.

रंजनाबाईंनी ते बघून ठरवलं, "ही तर मुंगी! चावली काय समजायचा, माणूस बोलता." तेव्हापासून ती मुंगीच.

मुंगीने गार्गीला सगळ्यात आधी बाळाचं रडणं दिलं. त्याआधी तिला जुई दिवसभर रडतेय असं वाटायचं. पाळण्यापाशी जाऊन बघावं तर पोर गाढ झोपलेली. आणि खरी रडायची तेव्हा, हेही तसलंच असेल, म्हणून ती बसून राहायची. आता रडणं आलं आणि मुंगी चावली, की तिने उठायचं. आईपण इतकं सोपं असू शकतं, याचं तिला त्या दिवसांत इतकं सुख वाटायचं, की जुई रडली की ती हसत पाळण्याकडे धावायची. शेजारणींना ते विचित्र वाटे.

मुंगीचा एक तोटाही होता. पूर्वी काही वाईटसाईट कानावर आलं, की हेडमास्तरांच्या नावावर टाकता यायचं. आता ती सोय गेली. एकदा स्वयंपाकघरातून वर्षाताईचा दबका आवाज आला, "पोर हिच्या हाती कशी ठेवता तुम्ही?" आणि कानामागे मुंगी चावली. गार्गीने तो दिवस उशी भिजवण्यात घालवला. खरं काय ते कळणं नेहमी गोडच असतं असं नाही.

रंजनाबाईंचंही मुंगीशी थोडं वाकडंच होतं. मुंगी येईपर्यंत खरं-खोटं सांगायचा मान त्यांचा होता. सून विचारायची, "आई, कोणी बोललं का आत्ता?" आणि त्या सांगायच्या. आता सून त्यांना विचारीना. "कानामागसून इली नि तिखट झाली!" असं त्या बटणाकडे बघून म्हणायच्या. म्हण अगदी शब्दशः लागू पडते याचाच त्यांना जास्त आनंद. पण मुंगीला रोज तासभर चार्जिंगला काढून ठेवावं लागे. त्या तासासाठी रंजनाबाईंनी आपला एक जुना नियम काढला.

"रातीची कोणी हाक मारली, तर पयल्या हाकेक ओ देव नये," त्यांनी जुईला शिकवलं. "भूत एकच हाक मारता. माणूस तीनदा मारता. आयशीक हाक मारूची तर तीनदा."

कोकणात हे लहानपणापासून सगळेच ऐकतात. पण दिवसाउजेडी, आपल्याच आईला, असा नियम पाळणारं पोर जुईच. ती जिथून तिथून "आई, आई, आई" करायची, आणि गार्गी तिसऱ्या हाकेला ओ द्यायची. हे वर्षभर छान चाललं. मग हेडमास्तर तीनदा हाक मारायला शिकले. जुईच्याच आवाजात.

गार्गी घाबरली नाही असं नाही. एका सकाळी मुंगी चार्जिंगला, आणि मागच्या दारातून "आई, आई, आई" आलं. ती जागची हलली नाही. "खरी हाक की खोटी?" तिने मोठ्यांदा विचारलं.

"खरी!" दारातून जुई म्हणाली. "माझा दात हलतोय!"

जुईचा दात हलतोय हे गार्गीला ठाऊक नव्हतं. ती धावत गेली, बोट घालून बघितलं, खालचा दात खरंच हलत होता. त्या दोघी दारातच बसून तो हलवत राहिल्या.

पुढच्या भेटीत तिने हे डॉक्टर डिसोझांना सांगितलं. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकल्या. "बरोबर आहे! हेडमास्तर तुमच्या घरातले भाडेकरू. भांडीकुंडी सगळी तुमचीच वापरतात. तुम्हाला ठाऊक नाही ते त्यांना कुठून ठाऊक असणार? थापा मारतील, पण थापही तुमच्याच पिठाची. नवीन पीठ आणायला ते बाहेर जाऊ शकत नाहीत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "शंभर टक्के भरवसा ठेवू नका. मुंगी काढू नका. पण हा नियम पाळा, मला आवडला."

तेव्हापासून मयेकरांच्या घरचा कायदा झाला : हाक तीनदा, वर बातमी. दिगंबरही खाडीवरून आला की फाटकातूनच ओरडायचा, "गार्गी, गार्गी, गार्गी, तांडेलाच्या बोटीत मांजर व्यालं!" बातमी मिळाली नाही, तर तो रस्त्यात थांबून काहीतरी शोधायचा. त्यामुळे घराला एक भलतीच सवय लागली. त्या घरात नुसतं कोणी कोणाला बोलवत नसे. काहीतरी घेऊनच बोलवत असे.

पण शाळेत हे चालेना. जुई बाईंना तीनदा हाक मारी आणि वर, "आमच्या आजीने चहात मीठ घातलं!" असं सांगून मगच पाणी प्यायला जाऊ का विचारी. वर्ग हसायचा. रंजनाबाईंचा मोतीबिंदू गावाला असाच कळला. हे वर्षाताईच्या कानावर गेलं आणि ती हादरली. "तिला वाटतं सगळ्यांच्याच आया अशा असतात," ती दिगंबरला म्हणाली. "उद्या तिच्याही डोक्यात काही आलं तर कळणार कसं आपल्याला?" हे आतून गार्गीच्या कानावर पडलं; त्या दिवशी मुंगी चार्जिंगला होती, पण ताईचा आवाज खरा आहे याबद्दल तिला काही शंका उरली नाही. आपल्या लेकीसाठी कोणालातरी इतकी भीती वाटते, याचा राग कसा करायचा, हेही तिला कळेना.

तर असा तो ऑपरेशनचा दिवस उजाडला.

जुईच्या लहान वर्गाला सुट्टी लागलेली होती. पहाटे रंजनाबाई आणि दिगंबर एसटीने गेले. आता एसटीला ड्रायव्हर नसायचा, कंडक्टर मात्र होता, आणि तो पूर्वीसारखाच सुट्ट्या पैशांवरून भांडायचा. रंजनाबाई चढता चढता वळल्या. "कांडपाक हात लाव नको हां. उद्या बघूया." गार्गीने मान डोलावली.

घराच्या पडवीत रंजनाबाईंचं मसाल्याचं कांडप होतं. बायका मिरच्या, धणे, खडा मसाला भाजून आणत आणि कुटून नेत. यंत्राची दोन लोखंडी मुसळं एकसारखी आदळू लागली, की त्या एकसुरी आवाजात हेडमास्तरांना उधाण यायचं. म्हणून गार्गी यंत्राला हात लावत नसे. ती मसाला पिशव्यांत भरायची, वजन करायची, ठसका लागला की बाहेर पळायची.

पण चैत्र संपत आला होता, लग्नसराईचे दिवस. सकाळीच खालच्या आळीतली शेवंतीमावशी डबा घेऊन हजर. "उद्या हळद हा गो माझ्या नातवाची. मसालो आजच होयो."

गार्गीने नाही म्हणायला हवं होतं. पण त्या दिवशी तिला सगळंच आपल्याच्याने होईल असं वाटत होतं. जुईला तिने एकटीने न्हाऊ घातलं होतं, वेणी घातली होती, तांदळाची पेज भरवली होती. "ठेव मावशी," ती म्हणाली. "डबा दुपारी ने."

मुसळं धडधडू लागली. हेडमास्तर लगेच आले. 'मिठाचं बघ. गॅस चालू आहे. जमणार नाही तुला.' मुंगी गप्प होती, म्हणून गार्गीही निवांत होती. मिरचीचा खकाणा पडवीभर उडाला. घाम कानामागून मानेवर ओघळायला लागला, तो तिने हाताने पुसला. एकदा पुसला, दोनदा पुसला. कानामागे चुरचुरलं. मसाल्याच्या घरात कुठे ना कुठे चुरचुरतंच.

तिच्या बोटांवरचं तिखट घामात कालवलं गेलं आणि मुंगीच्या त्या सुईएवढ्या भोकात जाऊन घट्ट बसलं. मुंगीचा हिरवा दिवा चालू होता. गळ्याचे स्नायू तिला कळत होते. फक्त जगात कोणी बोलतंय, हे तिला आता ऐकू येत नव्हतं.

यंत्र बंद करून गार्गी पिशव्या भरायला आत बसली. जुई मागच्या परसात काजूच्या झाडाखाली बोंडं गोळा करत होती, ती खिडकीतून दिसत होती. कान अजून घणघणत होते. थोड्या वेळाने पडवीतून आवाज आला, "गार्गी, डबो न्हेतंय गो! पैसे मागसून देतंय."

मुंगी चावली नाही. गार्गीला हसू आलं. "हेडमास्तर, आता मालवणीसुद्धा?" ती पुटपुटली आणि वजनाकडे वळली. पडवीत शेवंतीमावशीने दोन क्षण वाट बघितली आणि "काय ता नाक!" असं म्हणत डबा उचलून ती चालती झाली.

आणखी थोड्या वेळाने परसातून आवाज आला.

"आई!"

गार्गीचा हात मसाल्यात तसाच थांबला. कानामागे काही नाही.

"आई! आई!"

खिडकीतून झाडाखाली कोणी दिसत नव्हतं. बोंडांची परडी तेवढी होती. 'मीच आहे,' हेडमास्तर घसा खाकरून म्हणाले. 'बस खाली. धावत सुटशील आणि सगळी म्हणतील, बघा, बिघडली. वर्षाताई संध्याकाळी येणार आहे. मुंगी चावली का? नाही ना? मग?'

ते बरोबर बोलत होते, हीच तर खोच होती. पाच वर्षं ती याच नियमाने जगली होती, की मुंगी नाही तर माणूस नाही. त्याआधी नुसत्या आवाजावर विसंबून ती एकदा धक्क्यावर जाऊन बसली होती. आता बसून राहावं हेच शहाणपण. ती बसून राहिली.

मग पुढचं आलं, रडत, तुटक तुटक.

"मोठे हुमले पिल्लांना तोंडात धरून पानं शिवतायत! आणि मला चावतायत!"

हुमले म्हणजे आंब्या-काजूवर पानांची घरं करणारे लाल मुंगळे, हे कराडची गार्गीही आता जाणत होती. ते कडकडून चावतात, हेही जाणत होती. पण ते पिल्लांना तोंडात धरतात? पिल्लांनी पानं शिवतात? तिने असलं कधी ऐकलं नव्हतं, वाचलं नव्हतं, स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

"हे तुम्हाला माहीत होतं?" तिने हेडमास्तरांना विचारलं. हेडमास्तर गप्प.

गार्गी उठली ती पिशव्या उडवतच. मागचं दार, परस, काजूचं झाड. जुई वर होती. बोंड तोडायला चढलेली, पाय बेचक्यात अडकलेला, आणि डोक्याशेजारीच पानांचं गोल घर. पायांवर, मानेवर लाल मुंगळे. गार्गी आयुष्यात कधी झाडावर चढली नव्हती; कशी चढली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. पाय सोडवला, पोरीला काखोटीला मारलं, घसरत, खरचटत दोघी खाली आल्या. मुंगळ्यांनी तिलाही सोडलं नाही. मानेवर, दंडांवर, आणि एकाने तर बरोबर कानामागे, मुंगीच्या शेजारीच डंख केला.

"तू उशिरा आलीस," जुई हुंदके देत म्हणाली.

"तू बातमी उशिरा दिलीस."

"मी आधी बघत होते. मग चावले." आणि रडता रडताच ती सांगायला लागली, की मोठे हुमले दोन पानं ओढून धरतात, मग दुसरे घरातून पांढरी पिल्लं आणतात, पिल्लांच्या तोंडातून धागा येतो, त्याने पानं चिकटतात. "आई, पिल्लं लहान असून काम करतात!"

"तुझ्यासारखीच," गार्गी म्हणाली आणि तिला एवढं घट्ट धरलं, की जुई ओरडली. गार्गीच्या हाताचं तिखट चाव्यांना लागत होतं. मग दोघी विहिरीवर पळाल्या, हात धुतले, आमसुलाचं पाणी लावलं. तेव्हा पडवीत गार्गीला दिसलं, की शेवंतीमावशीचा डबा जागेवर नाही. तिने मुंगी काढून उन्हात धरली. भोकात लालभडक मसाला.

"कानामागून आली आणि तिखट झाली!" गार्गी म्हणाली, आणि पायरीवर बसून पोट धरून हसली. जुईला विनोद कळला नाही, पण आई हसतेय म्हणून तीही हसली.

हसून झाल्यावर मात्र हेडमास्तर आले. 'पुसून टाक. लावून टाक. मुंगी चालूच होती म्हण. पोर झाडावर चढली, तू काढलीस, संपलं. खरं सांगितलंस तर पोर गेली.'

सुईने भोक साफ करायला फार वेळ लागला नसता. गार्गीने सुई घेतलीही. मग तिच्या मनात आलं, या घरात खरं कुठलं आणि खोटं कुठलं, एवढ्या एका गोष्टीवर सगळा संसार उभा आहे. सासू, नवरा, सहा वर्षांची पोर, सगळे तिला दिवसभर खरं आणून देतात, हाकेबरोबर. त्या घरात आपणच खोटं बोललो, तर उरलं काय? तिने मुंगी तशीच ताटलीत ठेवली, मसाल्यासकट.

वर्षाताई उन्हं कलायच्या आत आली. पहिल्यांदा तिला जुईच्या मानेवरचे लाल फोड दिसले, मग गार्गीच्या, मग ताटलीतली मुंगी.

"बसा ताई," गार्गी म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवून तिने सगळं सांगितलं. कांडपाला हात लावला तो, मावशीला ओ दिली नाही ती, आणि हाका ऐकूनही आपण बसून राहिलो तेही. तेवढं सांगताना तिचा आवाज चिरकला, पण ते तिने गाळलं नाही.

वर्षाताईने मुंगी उचलून उजेडात बघितली. "ही बंद होती," ती हळूहळू म्हणाली. "मग उठलीस कशी?"

"हुमले पिल्लांना तोंडात धरून घर शिवतात. तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही."

"मलाही नव्हतं. म्हणून उठले."

वर्षाताईने मुंगी परत ताटलीत ठेवली. त्या घरातल्या तीन हाकांना ती आजवर भुताटकीचे चाळे म्हणत आली होती. मग जुईने तिचा हात ओढला. "आत्या, दाखवते चल. लांबूनच." दोघी परसात गेल्या.

गार्गीने चूल पेटवली. गॅस होता, पण तांदळाची भाकरी त्यांना चुलीवरचीच लागायची. तिने भाकरी थापून तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. कानामागे काहीच नव्हतं. डंखाची आग तेवढी होत होती. बाहेरून दोघींच्या बोलण्याचा अस्पष्ट गलका येत होता, मध्येच आत्याचं "अगोबाई, खरंच की!" मग सगळं शांत झालं.

"गार्गी!"

तिने मान वर केली. वर्षाताईचा आवाज. किंवा वर्षाताईसारखा.

"गार्गी!"

भाकरी उलटायला आली होती. तिने उलटली नाही.

"गार्गी!" आवाज जरा अवघडल्यासारखा झाला, सवय नसलेल्या माणसासारखा. "मी जुईचं नाव सावंतवाडीच्या शाळेत घालून ठेवलं होतं. आधीच. दिगूलाही सांगितलं नव्हतं. उद्या जाऊन काढून टाकते."

गार्गी तव्यासमोर उभी राहिली. तिने हेडमास्तरांची वाट बघितली. ते आले नाहीत. ही बातमी त्यांना ठाऊकच नव्हती.

"आई, ओ दे ना!" परसातून जुई ओरडली. "आत्या रडतेय!"

"ओऽऽऽ!" गार्गीने ओ दिली, शेजारच्या आळीपर्यंत जाईल एवढी, आणि भाकरी तव्यावर तशीच टाकून ती परसात धावली.